साठ कोटींचा हिशेब

अमेरिकेत मावसभावाकडे उतरलो होतो, तेव्हा त्याच्या शेजाऱ्यांच्या फ्रीजवर चुंबकाखाली अडकवलेलं एक कार्ड पाहिलं. पोस्टकार्डाएवढं. आईवडील आणि तीन मुलं. धाकटा उन्हामुळे डोळे बारीक करून बघतोय. खाली आडनाव, जिथे जायचं त्या देशाचं नाव आणि ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ अशी एक ओळ. शेजारी पिझ्झाचं कूपन आणि दातांच्या डॉक्टरची तारीख. शेजारीणबाई म्हणाल्या, हे कुटुंब अजून निघालेलं नाही. दीड वर्ष झालं, रविवारी एकेका चर्चमध्ये जाऊन दरमहा मदत करणारी माणसं जोडताहेत. ठरलेल्या रकमेची पुरती हमी मिळाल्याशिवाय त्यांची संस्था त्यांना निघू देत नाही. लसी टोचून झाल्यात, घर विकायला काढलंय, कुत्रा कुणाला द्यायचा एवढंच ठरायचंय. थोरल्या मुलीला शाळा सोडायची नाही, हे बाई आवाज उतरवून म्हणाल्या.

परदेशी जाण्याची तयारी मराठी घराला नवी नाही. मेतकूट, भाजणी, वजनकाट्यावर दहादा चढवलेली बॅग, हे सगळं आपण केलेलं असतं. पण आपण जातो ते काहीतरी मिळवायला: पदवी, पगार, निदान नातवाचं तोंड बघायला. हे कुटुंब द्यायला निघालं होतं. त्या कार्डातली खटकणारी गोष्ट तीच होती. द्यायला निघालेल्या माणसाची तयारी एका बाजूनंच होते. काय न्यायचं याची यादी असते, तिथून काय घ्यावं लागेल याचा रकानाच नसतो. धर्मप्रसाराला परदेशी निघणाऱ्या कुटुंबांबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि तिचा सगळ्यात भरभक्कम पुरावा आपल्याच दारात पडलेला आहे.

अमेरिकेतून परदेशी गेलेल्या मिशनऱ्यांच्या पहिल्या तुकडीतली काही माणसं शेवटी मुंबईला येऊन स्थिरावली, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. 6 फेब्रुवारी 1812 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली: ॲडोनायरम जडसन, सॅम्युअल न्यूवेल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. त्यांना पाठवणारं बोर्ड जेमतेम दोन वर्षांचं होतं. दीक्षेच्या आदल्या दिवशी जडसनचं लग्न लागलं. तीन दिवसांनी न्यूवेलचं. 19 तारखेला ही दोन्ही जोडपी ‘कॅरव्हान’ जहाजातून निघालीसुद्धा. दोन लग्नं, एक दीक्षा आणि अर्ध्या पृथ्वीच्या प्रवासाला प्रस्थान, सगळं पंधरवड्यात उरकलं. जडसननं मुलीचा हात मागताना तिच्या वडिलांना जे पत्र लिहिलं ते प्रसिद्ध आहे. या जगात पुन्हा कधी लेक दिसणार नाही, कदाचित तिला छळाचं मरण येईल, हे मान्य आहे का, असं त्यानं सरळ विचारलं होतं. आपल्याकडे स्थळ सांगून येतं तेव्हा पगार लपवतात. इथे मरणसुद्धा लपवलेलं नव्हतं. इतका प्रामाणिकपणा क्वचितच बघायला मिळतो, आणि तरीही अंदाज सगळे चुकले.

हॉल आणि नॉट फिलाडेल्फियाहून दुसऱ्या जहाजानं आले. कलकत्त्याला उतरल्यावर कंपनी सरकारनं सगळ्यांनाच चालते व्हा म्हणून सांगितलं. अमेरिकेनं ब्रिटनशी युद्ध पुकारलं ते त्याच जूनमध्ये, त्यामुळे हे पाहुणे आणखीच संशयास्पद ठरले. जडसन पती-पत्नीचं मत वाटेतच पालटू लागलं, कलकत्त्यात ती बाप्टिस्ट झाली आणि पुढे रंगूनला गेली. म्हणजे ज्यांनी पाठवलं त्यांच्या पंथातच ती राहिली नाहीत. हॉल आणि नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले, हद्दपारीचा हुकूम टाळायला कोचीनकडे निसटले, धरून परत आणले गेले. कंपनीच्या सनदेत त्याच वर्षी मिशनऱ्यांना वाट मिळाली म्हणून टिकले.

आणि हॅरिएट न्यूवेल. लग्नाच्या वेळी अठरा वर्षांची. कलकत्त्यातून हाकलल्यावर नवऱ्याबरोबर मॉरिशसला निघाली, समुद्रातच बाळंत झाली, मुलगी पाच दिवसांनी गेली. 30 नोव्हेंबर 1812 रोजी पोर्ट लुईला हॅरिएटही गेली. एका माणसाला उपदेश नाही, एक शाळा नाही, ज्यासाठी आली ती भूमी धड पायाखाली आली नाही. पण तिच्या रोजनिशी-पत्रांचं पुस्तक अमेरिकेत हातोहात खपलं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, मुलींना तिचं नाव ठेवू लागले. तिच्या मरणानं पुढच्या कित्येक कुटुंबांची तयारी करून दिली. मला हे पुस्तक अंगावर येतं ते यासाठी की, एका पोरीचं फुकट गेलेलं आयुष्य इतक्या सफाईनं सफल ठरवता येतं.

1818 साली हॉल आणि न्यूवेल यांनी मुंबईत बसून एक पुस्तिका लिहिली. विषय: सगळ्या जगाचं धर्मांतर. हिशेब सोपा होता. ख्रिस्त न ऐकलेले जगात साठ कोटी. वीस हजारांमागे एक मिशनरी धरला तर तीस हजार मिशनरी लागतील. आणि तेवढे पाठवण्याची ऐपत चर्चेसकडे आहे. रस्ते, पूल किंवा शाळांचं अंदाजपत्रक असतं तसंच हे. लिहिणाऱ्या दोघांना मुंबईत येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि ख्रिस्ती झालेलं माणूस अजून दृष्टीस पडायचं होतं. न्यूवेल 1821 मध्ये पटकीनं गेला. हॉलही पटकीनंच गेला, 20 मार्च 1826 रोजी. नाशिककडे फिरतीवर असताना साथ सुरू झाली. त्यानं निघण्यापूर्वी वैद्यकीचे धडे घेतले होते, ते कामाला आले. जवळची औषधं लोकांना वाटत तो परतीला लागला. रात्री एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर टेकला, तिथे आधीच दोन आजारी माणसं पडलेली होती. पहाटे त्यालाच लागण झाली. औषध जवळजवळ संपलेलं. बायको-मुलं आदल्या वर्षीच अमेरिकेला गेलेली. बरोबरच्या दोन मुलांनी जागा मिळवून त्याला पुरलं. साठ कोटींचा हिशेब मांडणारा माणूस हिंदूंच्या देवळाच्या ओसरीवर गेला. त्या रात्री त्या ओसरीवर कोण कुणाचा पाहुणा होता, हा प्रश्न त्याच्या पुस्तिकेत कुठेच बसत नाही.

गंमत अशी की, मिशनचे विरोधकही तोच हिशेब मांडतात. किती बाटले, कुठल्या जिल्ह्यात टक्का किती वाढला, दुष्काळात पोटासाठी किती गेले. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महार-मांग होते, हे खरं. पण ‘पोटासाठी बाटले’ असं म्हणणाऱ्यानं कधी विचारलेलं नसतं की, त्यांचं पोट तोवर कुणी रिकामं ठेवलं होतं, आणि पोटाबरोबर त्यांना पाटी, नाव आणि बसायला बाकही मिळालं ते कुणामुळे. दोन्ही बाजू डोकी मोजतात. मिशनरी मोजतो मिळकत म्हणून, विरोधक मोजतो चोरी म्हणून. दोघांच्याही वहीत त्या डोक्याला स्वतःचं काही म्हणणं असेल ही शक्यता धरलेली नाही.

हिशेबाबाहेर जे घडलं त्यातच मिशनचा खरा इतिहास आहे. सुवार्ता सांगायची तर मराठी हवं. मराठी शिकायचं तर पंतोजी हवा. मिशनच्या पहिल्या शाळांत शिकवायला ठेवलेले मास्तर बहुतेक हिंदूच होते, कारण दुसरे मिळणार कुठून? मग छापखाना आला. 1826 मध्ये मराठीत अखंड नवा करार निघाला. पण छापखाना हे मोठं बेइमान यंत्र आहे, कुणाचाही मजकूर तितक्याच निष्ठेनं छापतं. अमेरिकन मिशनच्या मुंबईतल्या छापखान्याचं काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. मिशनच्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली खिळ्यांचं काम शिकलेला एक पोरगा म्हणजे जावजी दादाजी. पुढे त्यांच्या निर्णयसागर छापखान्यानं संस्कृत काव्यनाटकं आणि पोथ्या इतक्या देखण्या टायपात काढल्या की, काशीच्या पंडितानंही हातात धराव्यात. मूर्तिपूजा संपवायला आणलेल्या खिळ्यांनी एकादशी कधी आहे ते घरोघरी पोचवलं! न्यू इंग्लंडमधल्या ज्या बायांनी लोणी-अंडी विकून मिशनच्या पेटीत नाणी टाकली असतील, त्यांना हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

मला यात मिशनचं अपयश दिसत नाही. उलट, त्याची सगळ्यात आदरणीय बाजू दिसते. अडचण एवढीच की, हे कुणीही ठरवून केलेलं नव्हतं. तयारी केली ती दुसऱ्याच कशाची.

आता कुटुंबाकडे वळतो, कारण कार्डावर फोटो कुटुंबाचा होता. पाचारण होतं एकाला आणि पेट्या भरल्या जातात पाच जणांच्या. मराठीचं पहिलं छापील व्याकरण 1805 साली विल्यम केरी या मिशनऱ्यानं केलं, 1810 मध्ये कोश केला. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवायचा. हे आपण कृतज्ञतेनं सांगतो आणि सांगावंही. पण त्याची बायको डोरोथी हिंदुस्थानात यायला तयार नव्हती. दिवस गेलेले होते, तिनं नाही म्हणून सांगितलं होतं. 1793 मध्ये जहाज लांबलं, तेवढ्यात ती बाळंत झाली, केरीच्या साथीदारानं पुन्हा गळ घातली आणि तीन आठवड्यांचं मूल घेऊन, बहीण सोबत घेऊन, ती निघाली. लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली केलेली बाई. बंगालात पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचं डोकं फिरलं ते 1807 मध्ये मरेपर्यंत ठिकाणावर आलं नाही. कित्येक वर्षं तिला खोलीत कोंडून ठेवावं लागलं. भिंतीपलीकडे केरी भाषांतरं करत होता. आपल्या भाषेच्या पहिल्या व्याकरणाला हा आवाजही आहे.

आपल्याला हे दृश्य परकं वाटायचं कारण नाही. तुकोबा भंडारा डोंगरावर आणि जिजाई भाकरी घेऊन चढ चढतेय, हे चित्र मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. जिजाईला आपण निदान कजाग म्हणून का होईना, आठवतो. तिची तक्रार परंपरेनं पुसून टाकली नाही. मिशनच्या कागदपत्रांत बायकांना ‘सहायक मिशनरी’ असं म्हणत. बोर्डाला लग्न झालेले पुरुष पसंत असायचे: बायको घर सांभाळते, नवरा तब्येतीनं टिकतो आणि स्थानिक लोकांना नमुनेदार ख्रिस्ती संसार बघायला मिळतो. संसार हाच देखावा! आणि या सगळ्या योजनेवर मात केली ती बिनलग्नाच्या बाईनं. 1827 मध्ये सिंथिया फॅरार मुंबईला आली. अमेरिकेतून परदेशी मिशनवर पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी एक. तिनं पस्तीस वर्षं मुलींच्या शाळा चालवल्या, आधी मुंबईत, मग नगरला, आणि 1862 मध्ये नगरलाच गेली. जोतिराव फुल्यांनी नगरला तिची शाळा पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे जोतिरावांनी पाद्र्यांचा धर्म घेतला नाही. शाळा घेतली आणि आपला सार्वजनिक सत्यधर्म आपण रचला. साठ कोटींच्या हिशेबात जोतिराव शून्य धरावे लागतात.

मुलांचं तर विचारायलाच नको. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी 1901 मध्ये कोडाईकनालला शाळा निघाली. मैदानातल्या उन्हात आई-बाप आणि डोंगरावर मुलं, वर्षातले कितीतरी महिने. रूथ हिल युसीम या समाजशास्त्रज्ञ बाई 1950 च्या दशकात हिंदुस्थानातल्या अमेरिकनांचा अभ्यास करायला आल्या होत्या. आई-बापाचा देश एक, राहण्याचा देश दुसरा आणि मुलं भलत्याच तिसऱ्या संस्कृतीत वाढताहेत, ही आज जगभर वापरली जाणारी कल्पना त्या कामातून आली. परदेशस्थ मराठी आई-बाप हल्ली ही ‘तिसऱ्या संस्कृती’ची संज्ञा सफाईनं वापरतात, पण ती घडली ती आपल्याकडच्या परक्यांकडे बघून.

या मुद्द्यावर मी कुणालाच मोकळं सोडणार नाही, आपल्या बाजूलाही नाही. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्सना त्यांच्या दोन मुलांसह गाडीत जिवंत जाळलं. फिलिप दहा वर्षांचा, टिमथी सहा. कुष्ठरोग्यांत काम करणाऱ्या बापाचा धर्मप्रचार कुणाला पटो न पटो, गाडीत झोपलेल्या त्या पोरांनी कुणाचा धर्म बुडवला होता? ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स मारेकऱ्यांना क्षमा करून मुलीबरोबर 2004 पर्यंत इथेच राहिल्या. फ्रीजवरच्या कार्डातला डोळे बारीक करणारा धाकटा मला म्हणूनच नुसता गोंडस दिसत नाही.

पण घरं फक्त येणाऱ्यांचीच तुटतात असंही नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तो पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता. त्यांनी पेटी भरली नव्हती, कुणी त्यांच्यासाठी प्रार्थना मागितली नव्हती. त्या होत्या तिथेच परदेशी झाल्या. पुढे त्या नवऱ्याकडे नगरला गेल्या, सोवळंओवळं एकेक पायरीनं सुटत गेलं, शेवटी स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतलं बहुधा सगळ्यात थोर आत्मचरित्र त्या होरपळीतून आलं, आणि त्यात कुणावर डूख नाही. टिळकही मिशनच्या पगारी चौकटीत मावले नाहीत. 1917 मध्ये नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला; ख्रिस्ताला त्यांनी अभंगात बसवलं, टाळ-मृदंगासकट. पाठवणाऱ्यांनी असा ख्रिस्त पाठवलेला नव्हता.

पंडिता रमाबाईंनी तर बाजीच उलटवली. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि पुढची वर्षं तिथल्या मठातल्या भगिनींशी वाद घालण्यात घालवली: मी ख्रिस्ताला मानते, तुमचं मान्य केलेलं सगळं मानलंच पाहिजे असं कुणी सांगितलं? मग अमेरिकेत गावोगाव बोलून त्यांनी पैसा उभा केला, 1887 मध्ये बॉस्टनमध्ये त्यांच्यासाठी मंडळ स्थापन झालं, आणि 1889 मध्ये शारदा सदन निघालं. कार्डावरचं कुटुंब आज करतंय तेच काम, फक्त दिशा उलटी. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं आणि पाठवणाऱ्यांचा देश न्याहाळून आपल्या वाचकांपुढे मांडला. मिशनरी जिथे जातात तिथल्या माणसांनी मिशनऱ्यांच्या देशाचं निरीक्षण करावं, हे त्या काळी किती थोड्यांना सुचलं असेल!

तर मग माझं म्हणणं काय? येऊ नका, असं नाही. आपला विचार घेऊन कुणी कुणाच्या दारात जाऊ नये असा नियम केला तर वारीसुद्धा आळंदीहून निघणार नाही आणि इगतपुरीची विपश्यना जगभर पोचणार नाही. आज मिझोराममधल्या मंडळ्याही बाहेर माणसं पाठवतात. ‘पाठवणारे गोरे आणि घेणारे काळे’ हे चित्र कधीच जुनं झालं. माझी अट दारातल्या माणसाबद्दल आहे. त्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, आणि त्याच्या ‘नको’तून येणाऱ्यानं काहीतरी शिकलं पाहिजे. 2018 मध्ये जॉन ॲलन चाऊ हा तरुण अंदमानच्या उत्तर सेंटिनेल बेटावर गेला. त्यानं वर्षानुवर्षं तयारी केली होती, रोग नेऊ नयेत म्हणून स्वतःला वेगळं ठेवलं होतं. बेटावरच्यांनी बाण मारून नकार कळवला, तो त्याच्या हातातल्या बायबलला लागला. तो पुन्हा बेटावर गेला आणि मेला. असल्या तयारीला मी शौर्य म्हणायला तयार नाही. ज्यानं पहिला बाण ऐकला नाही, तो तिथल्यांचं बोलणं तरी कसं ऐकणार होता?

याच्या अगदी उलट टोकाला मला एक घराणं दिसतं. एमॉस ॲबट 1834 पासून नगरच्या मिशनमध्ये होता. त्याचा मुलगा जस्टिन एडवर्ड्स ॲबट, तोही मिशनरी. जवळजवळ तीस वर्षं इथे काढून 1910 मध्ये परत गेला. न्यू जर्सीतल्या समिट गावी राहू लागला. निवृत्त मिशनरी काय करतो? चर्चमध्ये आठवणी सांगतो, नव्या कुटुंबांना आशीर्वाद देतो. जस्टिन ॲबटनं मराठी संतांचं इंग्रजी करायला घेतलं. पंडित नरहर गोडबोले इकडून मदतीला. भानुदास, एकनाथ, दासोपंत, रामदास, तुकाराम. 1929 मध्ये बहिणाबाई: नवऱ्याचा विरोध पत्करून तुकोबांना गुरू करणारी ब्राह्मण बाई, तिचं आत्मनिवेदन आणि अभंग. ऐंशीकडे झुकलेला असताना ॲबट वारला, 1932 मध्ये. महिपतीच्या ‘भक्तविजया’चं भाषांतर त्यानंतर छापून झालं.

एमॉस ॲबटनं पेटी भरली तेव्हा तीत ही पुस्तकं अर्थातच नव्हती. पेटी रिकामी व्हायला आणि उलट भरून परत जायला दोन पिढ्या लागल्या. फ्रीजवरच्या त्या कुटुंबाला मी भेटलो नाही, आता ते निघालंही असेल. भेटलो असतो तर त्या थोरल्या मुलीला विचारलं असतं की, शाळा सोडायची नसताना तिला कुणी विचारलं का, आणि तिकडची भाषा तिला कोण शिकवणार आहे.